वाचकांचे प्रश्न : शैक्षणिक आवारात बळ वापरले गेले, तर त्याची तपासणी कोणी आणि कशी करायची?

या महिन्यात कोल्हापुरातून आलेली चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात, म्हणून हा भाग त्यांनाच दिला आहे. पत्रे थोडक्यात दिली असून संस्थांची आणि व्यक्तींची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात एम.एस. करतो आहे. मागच्या सत्रात एका रात्री ग्रंथालयात ओळखपत्रावरून वाद झाला आणि विद्यापीठाच्याच पोलिसांनी त्याच्या वर्गमित्राला जमिनीवर पालथे पाडून बेड्या घातल्या. हा प्रकार माझ्या मुलाने डोळ्यांनी पाहिला. आता ‘बळाच्या वापराची तपासणी’ सुरू असून जबाबासाठी त्याला बोलावणे आले आहे. विद्यापीठाला स्वतःचे पोलीस असतात, हेच आम्हाला नवीन आहे. ज्या खात्याच्या माणसाने बळ वापरले, त्याच खात्याने चौकशी करायची असेल तर तिला काय अर्थ? मुलाने जबाब द्यावा का? – एक पालक, राजारामपुरी

उत्तर : मुलाने जबाब जरूर द्यावा. आपली शंका मात्र रास्त आहे, त्यामुळे आधी तिच्याकडे वळतो.

अमेरिकेत विद्यापीठ पोलीस ही जुनी व्यवस्था आहे. येल विद्यापीठाने १८९४ मध्ये तिची सुरुवात केली, असे मानले जाते. हे पोलीस म्हणजे आपल्याकडच्या फाटकावरचे वॉचमन नव्हेत. राज्याच्या कायद्याने त्यांना अटकेचा अधिकार असतो, त्यांनी शपथ घेतलेली असते आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या कमरेला पिस्तूल असते. तेथील न्याय विभागाने २०११-१२ मध्ये केलेल्या पाहणीत, अडीच हजारांहून अधिक विद्यार्थी असलेल्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या संस्थांपैकी ९२ टक्के सरकारी आणि ३८ टक्के खासगी संस्थांकडे असे शपथबद्ध पोलीस असल्याचे आढळले होते.

अशा खात्यात साधारण रीत अशी असते की, ठरावीक मर्यादेपलीकडे बळ वापरणाऱ्या अधिकाऱ्याने लगेच लेखी अहवाल द्यायचा, वरिष्ठाने जागेवर येऊन जखमांची छायाचित्रे घ्यायची, साक्षीदारांची नावे नोंदवायची, अंगावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण ताब्यात घ्यायचे, आणि मग हे सारे कायद्याच्या व खात्याच्या लेखी धोरणाच्या कसोटीवर तपासायचे. कायद्याची कसोटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर या निकालात घालून दिली आहे. त्या जागी, त्या क्षणी उभा असलेला समंजस अधिकारी कसा वागला असता, हे पाहायचे. नंतर सावकाश विचार करून सुचलेल्या शहाणपणाने त्याला तोलायचे नाही. खात्याचे धोरण याहून कडक असू शकते, आणि कायद्यात बसणारी कृती धोरणाचा भंग ठरू शकते.

आपल्या मुलाच्या प्रसंगाशी बरेच साम्य असलेली एक घटना लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १४ नोव्हेंबर २००६ रोजी घडली. रात्री पॉवेल ग्रंथालयात ओळखपत्र न दाखवलेल्या एका विद्यार्थ्यावर विद्यापीठ पोलिसांनी विजेचा झटका देणारे टेझर अनेकदा चालवले. खात्याच्या अंतर्गत चौकशीने अधिकाऱ्यांना दोषमुक्त केले. विद्यापीठाने बाहेरून नेमलेल्या मेरिक बॉब यांच्या संस्थेने २००७ मध्ये अहवाल दिला आणि टेझरचा वापर धोरणाच्या विरुद्ध होता, शिवाय मुळात ते धोरणच फार सैल होते, असे सांगितले. २००९ मध्ये विद्यापीठाने त्या विद्यार्थ्याला २ लाख २० हजार डॉलर देऊन दावा मिटवला. एकाच रात्रीच्या एकाच प्रसंगाविषयी दोन तपासण्यांनी उलटसुलट निष्कर्ष काढावेत, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. अंतर्गत चौकशी नेहमी खोटीच असते, असे मी म्हणणार नाही. पण आपल्या माणसाकडे पाहताना जी सवलत आपण नकळत देतो, ती चौकशी करणारा अधिकारीही देतो, आणि म्हणून किमान एक डोळा बाहेरचा असावा लागतो.

अंगावरच्या कॅमेऱ्याचे महत्त्व १९ जुलै २०१५ च्या घटनेने दाखवून दिले. सिनसिनाटी विद्यापीठाच्या एका पोलीस अधिकाऱ्याने गाडीला पुढची नंबरप्लेट नसल्याच्या कारणावरून आवाराबाहेर सॅम्युएल डुबोस यांना थांबवले आणि काही मिनिटांतच गोळी घालून ठार केले. गाडीने आपल्याला फरफटत नेले, असे त्या अधिकाऱ्याचे म्हणणे होते. त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्याने ते खोडून काढले. खटल्यात मात्र दोन वेळा ज्युरीचे एकमत झाले नाही आणि २०१७ मध्ये आरोप मागे घेण्यात आले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विद्यापीठ खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसले नाही. त्याने बाहेरच्या संस्थांकडून आधी घटनेची आणि नंतर साऱ्या पोलीस खात्याची तपासणी करवून घेतली, आणि जानेवारी २०१६ मध्ये डुबोस यांच्या कुटुंबाला ४८ लाख ५० हजार डॉलर व त्यांच्या १२ मुलांना मोफत शिक्षण देण्याचे मान्य केले. गुन्हा सिद्ध होणे ही एक बाब, आणि बळाचा वापर टाळता आला असता का याचा शोध ही दुसरी. दोन्हींची सरमिसळ केली की दुसरी बाब हमखास मागे पडते.

आता मुलाविषयी. त्याने आजच, इतरांशी या विषयावर आणखी बोलण्याआधी, आपल्याला दिसले आणि ऐकू आले तेवढे स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे व त्यावर तारीख घालावी. मोबाइलवर चित्रण असेल तर मूळ फाइल तशीच ठेवावी. कापलेली किंवा कोणाकडून परत आलेली प्रत पुराव्याच्या दृष्टीने कमकुवत असते. अनेक अमेरिकी विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदा सल्ला कार्यालय आणि परदेशी विद्यार्थ्यांचे कार्यालय असते. जबाबाला जाण्यापूर्वी त्याने दोन्हीकडे भेट घ्यावी, व्हिसाविषयीची भीती तेथे उघडपणे बोलून दाखवावी, आणि चौकशी खात्याची आहे की बाहेरच्या मंडळाची, हे विचारून घ्यावे. जबाबात अंदाज सांगू नयेत. ‘तो अधिकारी रागावलेला वाटला’ यापेक्षा ‘मित्राचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि तो ओरडत नव्हता’ हे वाक्य तपासणीत जास्त टिकते.

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात प्राध्यापक आहे. गॅदरिंगच्या संध्याकाळी पास नसलेल्या आमच्याच एका विद्यार्थ्याची सुरक्षारक्षकाशी बाचाबाची झाली. रक्षकाने कॉलर धरून त्याच्या कानशिलात मारली, काठीही मारली, आणि नंतर त्याला सिक्युरिटी केबिनमध्ये पाऊण तास बसवून ठेवले. दुसऱ्याच दिवशी एजन्सीने त्या रक्षकाला कामावरून काढले. आता तिघांची समिती नेमली आहे : उपप्राचार्य अध्यक्ष, सुरक्षेचा ठेका ज्यांच्या सहीने दिला गेला ते कार्यालयीन अधिकारी सदस्य, आणि मी. विषय संपल्यातच जमा आहे, असे मला सांगितले जाते. समितीने नेमके काय करावे? – एक प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : विषय संपलेला नाही. रक्षकाला काढून टाकण्याने तो संपला असे वाटते, आणि नेमका तोच धोका आहे.

सर्वांत आधी फुटेज. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात जुन्यावर नवे चढत जाते आणि काही आठवड्यांत मूळ चित्रण पुसले जाते. हे पत्र छापून येईपर्यंतही थांबू नका, असे मी आपल्याला फोनवर कळवले होते. फाटक, केबिन आणि सभागृहाचा दरवाजा या तिन्ही ठिकाणचे, घटनेच्या आधीच्या किमान एका तासापासूनचे चित्रण वेगळे काढून त्याची नोंद करावी. पुढे ते न्यायालयात लागले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, म्हणून कोणी, केव्हा, कोणत्या यंत्रातून प्रत काढली हे त्याच वेळी लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिकाराची. आपल्याकडे विद्यापीठ पोलीस नाहीत. महाविद्यालयाचा सुरक्षारक्षक, मग तो खासगी एजन्सीचा असो की महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचा, गणवेशात असला तरी पोलीस नव्हे. एजन्सीच्या रक्षकाचे अधिकार सामान्य नागरिकाइतकेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे खासगी व्यक्तीला अटक करता येते, पण आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर, किंवा समोरची व्यक्ती उद्घोषित (न्यायालयाने फरार जाहीर केलेली) गुन्हेगार असेल तर. आणि अशा व्यक्तीला विनाकारण विलंब न लावता, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. गॅदरिंगचा पास नसणे हा गुन्हाच नाही. रक्षकाला प्रवेश नाकारता आला असता, प्राध्यापकांना बोलावता आले असते, पण त्या मुलाला केबिनमध्ये डांबण्याचा अधिकार नव्हता.

येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. साधी दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ११५(२), हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. त्यामुळे पोलीस ठाण्यात गेल्यावर ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद, नोंदवून परत पाठवले जाते आणि पालकांची निराशा होते. गैरपणे कोंडून ठेवणे, कलम १२७(२), हा मात्र दखलपात्र गुन्हा आहे. मारहाणीपुढे ती पाऊण तासाची कोंडी लोकांना किरकोळ वाटते. कायद्याच्या दृष्टीने ती किरकोळ नाही. हाड मोडले असेल तर दुखापत गंभीर ठरून कलम ११७(२) लागू होते, आणि तोही गुन्हा दखलपात्र आहे. विद्यार्थ्याची सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन एमएलसी (पोलिसांना कळवायच्या दुखापतीची वैद्यकीय) नोंद झाली आहे का, हे समितीने विचारावे. झाली नसेल तर उशिरा का होईना, त्याला जायला सांगावे. तक्रार करायची की नाही, हा त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा निर्णय आहे. ‘मिटवून घ्या, वर्ष वाया जाईल’ असे समितीच्या कोणा सदस्याने त्याला सुचवले, तर ती तपासणी राहत नाही, मिटवामिटवी होते.

समितीच्या रचनेविषयी स्पष्ट लिहितो. ठेक्यावर ज्यांची सही आहे त्यांनी समितीत बसू नये. त्यांना साक्षीदार म्हणून बोलवावे, कारण त्यांना विचारण्यासारखे बरेच आहे. त्यांच्या जागी निवृत्त न्यायिक अधिकारी किंवा दुसऱ्या महाविद्यालयाचा ज्येष्ठ अध्यापक घ्यावा, आणि एका विद्यार्थी प्रतिनिधीला बसवावे. ही काही परकी कल्पना नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांतही विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून असतो, समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान न झाल्यास विद्यार्थ्याला विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे जाता येते. मात्र दंडनीय कायद्याखाली ज्या छळावर कारवाई व्हायची, तो या विनियमांच्या कक्षेबाहेर ठेवला आहे, म्हणून ‘तक्रार निवारण समितीकडे पाठवले’ एवढे म्हणून महाविद्यालयाला हात झटकता येणार नाहीत.

चौकशीत काय विचारायचे, याचा उत्तम नमुना मला डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकरणात दिसतो. १८ नोव्हेंबर २०११ रोजी तेथे हातात हात गुंफून जमिनीवर बसलेल्या आंदोलक विद्यार्थ्यांच्या तोंडावर विद्यापीठ पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. एका अधिकाऱ्याचा तो फवारा जगभर पाहिला गेला आणि सारा राग त्याच्यावर निघाला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या अध्यक्षतेखालील समितीत विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी यांचे प्रतिनिधी होते. पोलीस संघटनेने न्यायालयात हरकत घेतल्यामुळे अहवाल लांबला, पण एप्रिल २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. समितीचा निष्कर्ष असा होता की, ही घटना टाळायला हवी होती आणि टाळता आली असती. समिती त्या अधिकाऱ्यापाशी थांबली नाही. तो फवाऱ्याचा डबा खात्याच्या मंजूर साधनांत नव्हता आणि तो वापरण्याचे प्रशिक्षण पोलिसांना दिलेले नव्हते, हे तिने नोंदवले. आंदोलकांचे तंबू भर दुपारी हटवण्याचा निर्णय कसा झाला, त्याला कायद्याचा कोणता आधार होता, बळ वापरू नये अशी कुलगुरूंची इच्छा होती तर ती पोलिसांपर्यंत स्पष्ट शब्दांत का पोहोचली नाही, असे प्रश्न तिने वरपर्यंत नेले. पुढे २१ वादींना प्रत्येकी ३० हजार डॉलर भरपाई मिळाली.

आपल्या समितीनेही असेच वर चढत जावे. कानशिलात कोणी मारली हे सर्वांना ठाऊक आहे. पास किती छापले होते आणि सभागृहात माणसे किती मावतात? फाटकावर किती रक्षक होते, त्यांची ड्यूटी किती तासांपासून सुरू होती? फाटकावर एकही प्राध्यापक का नव्हता? रक्षकाच्या हाती काठी कोणी दिली, आणि ती केव्हा वापरायची नाही हे त्याला कोणी सांगितले होते? २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायद्याप्रमाणे एजन्सीला परवाना लागतो आणि रक्षकाला प्रशिक्षण दिलेले असावे लागते. केंद्राच्या नमुना नियमांत ते वर्गातले किमान १०० तास आणि मैदानावरचे ६० तास असे आहे. या रक्षकाचे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र एजन्सीकडे मागा. ते मिळाले नाही, तर चौकशीची दिशाच बदलते. रक्षकाला काढून टाकले असले तरी त्याला बोलवा, प्रवासखर्च द्या आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐका. त्या संध्याकाळविषयी सर्वांत जास्त माहिती त्यालाच आहे.

अहवालाची प्रत विद्यार्थ्याला द्यावी. महाविद्यालय अनुदानित असेल, तर माहिती अधिकारात ती मागता येतेच. मागायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

प्रश्न : आवारात पोलीस ठाण्याच्या पोलिसांनीच लाठी चालवली, तर दाद कोठे मागायची? – एक विद्यार्थिनी, विद्यानगर

उत्तर : बेकायदेशीर जमाव पांगवण्याचा अधिकार पोलिसांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ ने मिळतो, पण त्यासाठी सहसा आधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो. तो दिला होता का, ऐकू जाईल असा दिला होता का, आणि पांगण्यासाठी वेळ व वाट मिळाली होती का, या तीन गोष्टी तक्रारीत आवर्जून लिहाव्यात. तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे करता येते. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्देशांनंतर महाराष्ट्रात पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन झाले आहे, त्याच्याकडेही जाता येते. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. रिट याचिकेसाठी, म्हणजे थेट उच्च न्यायालयात दाद मागण्यासाठी, आता मुंबई गाठावी लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून काम करत आहे.

प्रश्न : वकीलसाहेब, मी एका शिक्षण संस्थेत सिक्युरिटीला आहे. बारा-बारा तास उभा असतो. पोरे अंगावर येतात, शिव्या देतात, परवा एकाने ढकलून पाडले. हात उचलला तर नोकरी जाते, नाही उचलला तर मार बसतो. आम्ही नेमके काय करायचे? – एक सुरक्षारक्षक, शिरोली

उत्तर : तुमचे पत्र दोनदा वाचले. बळाच्या वापराच्या चर्चेत तुमच्या बाजूने बोलणारे कोणी नसते, म्हणून सविस्तर लिहितो.

मार खात उभे राहण्याची सक्ती कायदा तुमच्यावर करत नाही. न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे आणि तो इतर कोणाही नागरिकाइतकाच तुम्हाला आहे. त्याला दोन मर्यादा आहेत. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर तो हक्क राहत नाही, आणि बचावासाठी लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. तुम्हाला ढकलणाऱ्याचा हात अडवणे, त्याला मागे रेटणे हे संरक्षण. तो मागे सरल्यावर किंवा पळायला लागल्यावर पाठीमागून मारलेली काठी हे संरक्षण नव्हे; शिवी दिली म्हणून मारलेली थप्पडही नव्हे, शिवी कितीही जिव्हारी लागली तरी. तुम्हाला ढकलून पाडणाऱ्या विद्यार्थ्याविरुद्ध तक्रार करण्याचा हक्कही तुम्हाला आहे, आणि ‘विद्यार्थी आहे, जाऊ द्या’ असे संस्थेने म्हटले तरी तो जात नाही.

पुढच्या वेळी वाद वाढू लागला, तर दोन पावले मागे या, दुसऱ्या रक्षकाला हाक मारा आणि ठरलेल्या प्राध्यापकाला फोन करा. असा प्राध्यापक ठरलेला नसेल, तर तो ठरवून त्याचा नंबर केबिनमध्ये लावावा, अशी लेखी मागणी संस्थेकडे करा आणि तिची पोच घ्या. काय करायचे, काय नाही याच्या लेखी सूचना मराठीत मागा. आजवर मी पाहिलेल्या अशा प्रकरणांत रक्षकाकडे एक कागदही नव्हता. सगळे तोंडी होते, आणि अंगाशी आल्यावर तोंडी हुकूम देणाऱ्याला काही आठवत नव्हते.

परवाच्या घटनेविषयी आजच रात्री दोन पाने लिहा : तारीख, वेळ, कोठे उभा होतात, कोण काय म्हणाले, कोणी पाहिले. कोपर सोलवटले आहे असे पत्रात लिहिले आहे, त्याचा फोटो काढा आणि दवाखान्याचा कागद घ्या. एक प्रत एजन्सीच्या सुपरवायझरला, एक संस्थेच्या कार्यालयात द्या, आणि तिसरीवर दोघांचा शिक्का व तारीख घेऊन ती घरी ठेवा.